खसखस आणि कुत्र्याच्या छत्र्या

लोकांना खसखशीची भीती घालायचा मला पगार मिळतो, असं मी पुण्यातल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्यांना गंमत वाटते. पण ते खरं आहे. मी दुबईतल्या एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात ॲडमिन बघते. भारतातून नवीन माणसं यायची असली की तिकीट हातात पडण्याआधी मी त्यांना व्हिडिओ कॉलवर एकत्र बसवते आणि बॅगेत काय घालायचं नाही ते सांगते. खेड, दापोली, पाटण, जत, कुठकुठची पोरं असतात. कुणी सुतार, कुणी फिटर. मी सांगते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या नकोत, झोपेच्या तर नकोतच, खोकल्याचं औषध नको, गावातल्या कुणी ‘तेवढं आमच्या ह्याला द्या’ म्हणून दिलेलं पुडकं नको. आणि खसखस नको.

“खसखस?” कुणीतरी विचारतंच. “मटणात घालायची ती?”

“तीच. अफूचं बी असतं ते. इथं ड्रग्जमध्ये धरतात. सापडली तर विमानातून उतरून थेट आत.”

पलीकडे हशा पिकतो आणि मी चिडते. चिडणं हा माझा स्वभावच आहे; नवरा म्हणतो, ही चहासुद्धा चिडून करते. पूर्वी असल्या बारीकसारीक गोष्टींपायी माणसं खरोखरच अडकल्याचं मी ऐकलं होतं. अलीकडे कायदा जरा नरमलाय. पहिलीच वेळ आहे, वस्तू थोडी आहे, मनात काही काळंबेरं नाही, असं दिसलं तर काढून घेऊन सोडूनही देतात. पण हे मी पोरांना सांगत नाही. आपल्या माणसाला ‘थोडं चालतं’ एवढं सांगितलं की तो किलोभर घेऊन येतो.

तर अशा बाईच्या धाकट्या दिरानं एके दिवशी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, “वहिनी, मी मशरूम घेतो. ती डोक्यावर परिणाम करणारी.”

भावजी अमेरिकेत राहायचे. लग्न झालं होतं, मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. त्या कॉलच्या वर्षभर आधी त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि निघाला तोच पुष्कळ पुढे गेलेला. केमो झाली, दोनदा बदलली. त्या दिवसांत ते आमच्याशी बोलायचे तेव्हा त्यांचा चेहरा बघवायचा नाही. दुखण्यानं नव्हे, भीतीनं. मुळात हा माणूस घरातला सगळ्यात वात्रट. माझ्या लग्नात माझ्याच चपला पळवून मला परत विकल्या होत्या त्यानं. आणि तोच आता वाक्य अर्धं सोडून दाराकडे बघायचा. “वहिनी, मला मरायची भीती वाटते गं,” असं त्यांनी मला सरळ सांगितलं होतं. मी काय बोलणार? “काहीतरीच काय,” मी म्हणाले. अशा वेळी आपण सगळे हेच म्हणतो आणि त्याचा कुणालाही काडीचा उपयोग होत नाही.

आणि मग तो मशरूमचा कॉल. चेहरा उतरलेलाच होता, पण आत कुणीतरी दिवा लावल्यासारखं वाटत होतं. त्यांनी समजावून सांगितलं. ते राहायचे त्या गावात लोकांनी मतदान करून ठरवलं होतं, की मोठ्या माणसानं ही मशरूम स्वतःपुरती थोडीशी जवळ ठेवली तर तो गुन्हा धरायचा नाही. विकायची नाहीत, मुलांच्या हातात द्यायची नाहीत, पण घरात डबीत चिमूटभर असली तर पोलिसांनी त्याच्या मागे लागायचं नाही. शेजारी एक निवृत्त नर्स राहायची. तिनं घरी वाढवली होती, तिनं ती फुकट दिली आणि दिवसभर यांच्याजवळ बसून राहिली.

“काय झालं मग?” मी विचारलं. आवाजात धार होतीच.

“लहानपणी आंघोळ झाली की आई मला टॉवेलात गुंडाळून बसवायची ना, तसं वाटलं. भीती होती, पण बाहेर उभी होती. आत येत नव्हती.”

“आणि उतरल्यावर?”

“उतरल्यावरही बरेच आठवडे बाहेरच उभी राहिली. हीच तर गंमत आहे, वहिनी.”

मी फोन ठेवून नवऱ्यावर ओरडले. त्याचा काही संबंध नव्हता, पण भाऊ त्याचा होता. आमच्या घरात सिगरेटही कुणी ओढत नाही, आणि हा माणूस नशा करून आजारपण काढतोय, वर गावानं मतदान केलं म्हणून सांगतोय. नवरा शांतपणे म्हणाला, “त्याला झोप लागते का आता?” मी म्हटलं, लागते म्हणे. “मग झालं तर,” तो म्हणाला. सगळं आयुष्य मी याच एका वाक्याशी भांडत आलेय.

त्यानंतर महिन्याभरात भावजींनी भेटायचा विषय काढला. त्यांना आईला भेटायचं होतं, एकदा, नीट. सासूबाई पुण्यात असतात, ऐंशी उलटलेल्या, गुडघे गेलेले; अमेरिकेपर्यंतचा प्रवास त्यांना झेपला नसता. यांना पुण्याला जायचं नव्हतं. “मला बघायला रांग लागेल,” ते म्हणाले. “प्रत्येक जण नारळपाणी घेऊन येईल आणि कुणाला कसं झालं होतं ते सांगेल.” शेवटी मधला रस्ता निघाला. त्यांनी तिकडून यायचं, सासूबाईंनी इकडून यायचं आणि दोघांनी शारजात, अल नहदाला, आमच्या घरी तीन आठवडे राहायचं. डॉक्टरांनी तेवढी परवानगी दिली. आईला आजार माहीत होता. दिवस थोडे आहेत हे माहीत नव्हतं. ते आपण समोर बसून सांगू, असं भावजींचं म्हणणं होतं.

आणि मग त्यांनी हळूच विचारलं, “वहिनी, तुझ्याकडे येताना अगदी थोडंसं आणलं तर? एकदा पुरेल इतकंच.”

मी इतकी चिडले की शब्दच फुटेना. मग फुटले ते पुष्कळ फुटले. “भावजी, ते तुमचं गाव आहे. तिथं मतं देऊन ठरतं. इथं नाही ठरत. इथं एक तुकडा सापडला तर तुम्ही आत, आम्ही नोकरीतून बाहेर, आणि तुमच्या आईनं तुम्हाला कुठं भेटायचं? तुरुंगाच्या काचेतून?”

“मला आईसमोर घाबरलेलं दिसायचं नाहीये,” ते म्हणाले. “तेवढंच आहे बघ. बाकी काही नाही.”

मला वाईट वाटलं. फार वाटलं. पण मी नाही म्हणाले ते नाहीच म्हणाले. निघायच्या दिवशी मी त्यांना कॅमेऱ्यासमोर बॅग उपसायला लावली. सगळे खिसे उलटे, औषधांची डबी न् डबी उघडून, डॉक्टरची पत्रं वर. “वहिनी, चड्ड्यापण झटकू का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झटका. त्यांनी झटकल्या.

ते सुखरूप आले. लोकरीची टोपी, खांद्यावरून ओघळणारा शर्ट आणि इवलीशी बॅग. पुढचे दोन दिवस ते आमच्या बाल्कनीत बसून खालची दुबईकडे जाणारी गाड्यांची रांग बघत होते. माझ्या मुलीशी चेष्टा करायचे, जेवायचा प्रयत्न करायचे, पण मधेच हात थांबायचा आणि नजर दाराकडे जायची. भीती पुन्हा आत आली होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. शेवटचं घेऊन बरेच महिने झाले होते.

इकडे मी सासूबाईंना रोज फोन करत होते. कॉलवर पोरांना सांगते तेच सगळं. औषधांच्या चिठ्ठ्या, कुणाचं पुडकं नको, खसखस नको.

“अगं, खसखशीची पुडी मी बाहेर काढून ठेवली,” त्या म्हणाल्या. “गोड्या मसाल्याचा डबाही नको म्हणालीस, तोही ठेवला. किती घाबरवतेस मला.”

“विसरायचं नाही, आई.”

“नाही गं बाई. मला काय कळत नाही?”

ज्या दुपारी त्या यायच्या होत्या, त्या दुपारी आम्ही चौघंही एअरपोर्टला गेलो. नवरा गाडी लावायला गेला. भावजी, मी आणि मुलगी लोक बाहेर येतात तिथल्या कठड्याला टेकून उभे होतो. पुण्याच्या विमानातली माणसं यायला लागली, ती ओळखू येतातच, स्वेटर आणि चितळ्याच्या नाहीतर कुठल्या तरी बाकरवडीच्या पिशव्या. मग ती ओसरली आणि आई काही दिसेनात. आणि माझा फोन वाजला.

“हॅलो मॅडम, ये अम्मा आपका है? मैं व्हीलचेअरवाला. कस्टम में रोका है. मिठाई में कुछ है, बोलता है.”

“कौनसी मिठाई?”

“गोल गोल है, मॅडम. ऊपर सफेद दाना लगा है.”

अनारसे. सासूबाईंनी पुडी बाहेर काढून ठेवली होती, मसाल्याचा डबा बाहेर काढून ठेवला होता, आणि धाकट्याला आवडतात म्हणून डबाभर अनारसे करून आणले होते, प्रत्येक अनारशावर खसखस थापलेली. त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटलंच नव्हतं. आणि मला तरी कुठं आठवलं? ज्या बाईनं दापोलीच्या पोरांना खसखशीवरून इतकी वर्षं रागावलंय, तिच्या तोंडून अनारशाचं नाव एकदाही निघालं नव्हतं. खसखस म्हणजे पुडीतली. अनारशावरची ती अनारसा.

मी भावजींना सांगितलं. ते आधी मोठ्यानं हसले, आजूबाजूची माणसं वळली इतकं. “माझ्या चड्ड्या झटकल्यास तू,” ते म्हणाले. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. “माझ्यासाठीच केले असणार.” ते कठड्यापाशी उभ्या असलेल्या गार्डकडे गेले आणि इंग्रजीत काही सांगू लागले, गार्डनं हातानंच थांबायची खूण केली. ते तिथंच एका खुर्चीत बसले. टोपी हातात घेऊन पिळत बसले होते.

मी आमच्या ऑफिसच्या माणसाला फोन लावला. सरकारी कामं करणारा, अरबी बोलणारा, फार सोशिक माणूस. मी भराभरा सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, “सिस्टर, हाऊ मच? वन बॉक्स? ओल्ड लेडी?” मी हो म्हटलं. “ओके. यू वेट. बट सिस्टर, प्लीज, यू डोन्ट शाउट. ओल्ड लेडी, स्वीट्स, इन्शाल्ला नथिंग. ओन्ली यू डोन्ट शाउट.” मला इतकं ओळखतो तो.

नवरा आला, त्यालाही सांगितलं. मुलगी फोनमध्ये काही शोधत होती आणि मधे मधे, “मम्मा, दे कॅन ॲक्च्युअली अरेस्ट हर,” असं म्हणत होती. मी तिला गप्प बस म्हणाले. मी देवाचं नाव घेत नाही, पण त्या दिवशी घेतलं. पायाखाली त्या एअरपोर्टची चकचकीत फरशी होती आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच चाललं होतं, की हा माणूस इतक्या लांबून आईला भेटायला आलाय, आई त्या काचेच्या पलीकडे आहे, आणि मधे एक डबा अनारसे आहेत.

बऱ्याच वेळानं दार सरकलं. व्हीलचेअरमध्ये आई, मांडीवर पर्स, पदर नीट. मागे व्हीलचेअरवाला. आणि बरोबर एक तरुण अधिकारी बाई, काळ्या पायघोळ अबायातली. ती आमच्यापाशी थांबली.

“बेटा कौन?” तिनं विचारलं.

“मैं,” भावजी उठून म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. केस नसलेलं डोकं, हातातली टोपी, मनगटाची हाडं. मग आईकडे बघितलं; त्यांना ती ‘मामा’ म्हणत होती. “मामा बोलता, बेटा बीमार. मीठा बनाया.” आणि मग माझ्याकडे वळून, कारण जबाबदार कोण दिसतंय ते तिला कळलं असावं, “मॅडम, ये ममनू है. नॉट अलाउड. फर्स्ट टाइम, थोडा है, ओल्ड वुमन. नेक्स्ट टाइम नहीं. खलास?”

“खलास,” मी म्हटलं. आयुष्यात इतक्या हळू आवाजात मी बोलले नव्हते.

तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला, “मामा, दुआ,” म्हणाली आणि परत आत गेली. भावजी तिथंच, माणसांच्या मधे, खाली बसले आणि त्यांनी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. नवऱ्यानं पर्स बाजूला घेतली.

गाडीत बसेपर्यंत सासूबाईंना राग आलेला होता. भीती नाही, राग. “पोरगी चांगली होती,” त्या म्हणाल्या. “पण माझ्यादेखत डबा उपडा केला. गोडाचं टाकतात का असं? मी म्हटलं, एक खाऊन बघ. हसली नुसती. अनारशाच्या पिठाचा गोळा आणला होता, तो मात्र दिला परत. हुंगला, दाबून बघितला, दिला.”

“आजी, यू आर लिटरली अ स्मगलर,” मुलगी म्हणाली.

“काय म्हणतेय ही?”

भावजी मागच्या सीटवर आईशेजारी बसले होते. ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि मग ते हसणं राहिलंच नाही. “मला वाटलं तुला आत टाकतात,” ते म्हणाले. “मला वाटलं, मी इतका आलो आणि आता भेटच व्हायची नाही.” शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारख्या गाड्या तुंबल्या होत्या. नवरा गाडी चालवत होता, मी पुढे, मुलगी आजीच्या पलीकडच्या बाजूला. कुणालाही उठून जाता येईना.

“डॉक्टर काय म्हणतात?” आईंनी विचारलं.

“फार नाही, आई. फार दिवस नाहीत.”

आईंनी त्यांचा हात धरला होता तो तसाच ठेवला. मग म्हणाल्या, “भीती वाटते का रे?”

“वाटते.”

जे व्हायचं नव्हतं ते झालं होतं. समोर बसून, नीट, धीरानं सांगायचं ठरवलेलं सगळं अनारशांनी ट्रॅफिकमध्ये सांगून टाकलं. आणि मग त्यांनी मशरूमचंही सांगितलं. मला वाटलं, आई आता त्यांना फटका देतील.

“म्हणजे कुत्र्याच्या छत्र्या?” त्या म्हणाल्या.

“तसल्याच. जरा वेगळ्या.”

“आमच्या माहेरी वारुळावर यायच्या त्या अळंबी आम्ही खायचो. शेणावरच्या नाही हो.”

“या शेणावरच्याही असतात, आई.”

“अरे देवा,” त्या म्हणाल्या. “आणि त्या जवळ ठेवल्या तर चालतं तिकडे?”

“थोड्या. गावानं मतं देऊन ठरवलंय.”

“कुत्र्याच्या छत्र्यांवर मतदान?” आणि त्या हसल्या. मग टॉवेलाची गोष्ट ऐकल्यावर आणखी हसल्या. “तू कधी बसायचास रे टॉवेलात? उघडाबंब पळत सुटायचास अंगणात. टॉवेलात बसायचा तो थोरला.” थोरला गाडी चालवत होता; त्यानं आरशातून मागे बघितलं. “मग घेतल्यावर भीती गेली?” त्यांनी विचारलं.

“गेली होती. बरेच दिवस.”

“मग इथं का नाही आणलंस थोडं?”

माझ्या मानेवर भावजींची नजर मला कळली. मी वळून म्हटलं, “आई, तुमचे अनारसे चालले नाहीत, यांच्या छत्र्या चालल्या असत्या?”

“तेही खरंच,” त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस चांगले गेले, हे मला लिहायलाच हवं. सासूबाईंनी वाचलेल्या पिठाचे अनारसे माझ्या स्वयंपाकघरात केले. खसखस नाही म्हणून रव्यावर थापले आणि मुलीला तळायला उभं केलं. दोन तुपात हसले, म्हणजे विरघळून पसरले, तर मुलगी “सॉरी आजी, सॉरी,” म्हणत बसली आणि भावजींनी ते चाटूनपुसून खाल्ले. ते दोघं बाल्कनीत बसायचे. आई त्यांना माहेरच्या गोष्टी सांगायच्या, ते ऐकायचे, विनोद करायचे. पण मी बघत होते. आई समोर असल्या की ते हसतमुख असायचे आणि त्या आंघोळीला गेल्या की लगेच चेहरा बदलायचा, हात खुर्चीला घट्ट धरायचे. मी पाहिलं तसं आईंनीही पाहिलं असणार. म्हातारीचे गुडघे गेलेत, डोळे नाहीत.

दुसरा आठवडा सुरू झाला आणि एका सकाळी त्या माझ्याजवळ स्वयंपाकघरात आल्या. भाजी चिरत म्हणाल्या, “अगं, याचं तिकीट आधीचं करून मिळतं का?”

“कुणाचं?”

“याचं. लवकर जाऊ दे त्याला.”

माझा पारा चढला. “आई, तुम्हाला भेटायला आलाय तो. पुन्हा...”

“पुन्हा नाही, माहितीये मला,” त्या म्हणाल्या. “तो माझ्यासाठी हसतो दिवसभर. दमतो. त्याच्या डबीत आहे ना ते तिकडे? मग तिथं जाऊ दे. मी घेतला की बघून त्याला.”

मी हातातलं काम ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले. मला त्यांच्यावर राग आला होता, त्या देशावर, या देशावर, कुत्र्याच्या छत्र्यांवर, सगळ्यांवर. त्या अधिकारी बाईनं डबा बघितला, मग आई बघितली, मग मुलगा बघितला, आणि मगच ठरवलं. किती आहे आणि कुणाच्या हातात आहे, एवढंच बघितलं तिनं. त्या लांबच्या गावातल्या लोकांनीही मतं देताना यापेक्षा वेगळं काही केलं असेल असं मला वाटत नाही. भावजी इथं आले तेव्हा त्यांच्या खिशात एक तुकडा निघाला असता तर ती त्यांना सोडू शकली असती का? नसती. तेवढं तिच्याही हातात नव्हतं. म्हणून आई त्यांना पाठवत होत्या, आणि मी तिकीट बदलत होते.

त्यांना सांगितलं ते आईंनीच. भावजींनी एकदा नाही म्हटलं. एकदाच. मग खाली मान घालून, “बरं,” म्हणाले. एअरपोर्टवर आईंनी त्यांच्या हातात अनारशांचा छोटा डबा दिला. रव्याचे. “हे चालतात,” त्या म्हणाल्या. भावजी मला म्हणाले, “वहिनी, चड्ड्या झटकून जाऊ का?” आणि आत गेले. वळून बघितलं नाही त्यांनी. आईंनीही हाक मारली नाही.

पुढे तीन महिन्यांनी ते गेले, घरीच, त्या शेजारच्या नर्सच्या सोबतीनं. नवरा तिकडे पोचला तेव्हा उशीर झाला होता. नर्सनं त्याला सगळं सांगितलं. परत आल्या आल्या त्यांनी एकदा ते घेतलं होतं, ती जवळ बसली होती. मग शेवटाकडे आणखी एकदा, अगदी थोडं. त्यानंतर डबी उशाशी असायची. शेवटचे दिवस मॉर्फिन होतं, पण घाबरले नाहीत, ती म्हणाली. आईबद्दल बोलायचे, टॉवेलाबद्दल बोलायचे. डबीत दोन वाळलेले तुकडे राहिले होते. ते तिनं परत नेले.

सासूबाईंना नवऱ्यानं तिकडूनच कळवलं होतं. मी दोन-तीन दिवसांनी त्यांना पुण्याला फोन केला. माणसं येऊन गेली होती, घर शांत होतं. त्या रडत नव्हत्या. हवापाणी विचारलं, मुलीची परीक्षा विचारली.

“शेवटी त्याच्याजवळ होतं ना ते?” त्यांनी विचारलं.

“होतं, आई.”

“कुणी पोलीसबिलीस आलं नाही ना?”

“नाही. तिथं तेवढ्यासाठी कुणी येत नाही.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“पुरलं ना गं त्याला?”

“पुरलं, आई,” मी म्हटलं. “दोन तुकडे उरले.”